वरच्या वर्गातल्या सात जणी

३ सप्टेंबर, सोमवार

अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर सूचना आहे की विद्यार्थ्याने आपण काय शिकलो ते लिहीत जावे. ठीक आहे. आज मी शिकले ते असे: पासवर्डमध्ये एक अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागते, आणि तो पुन्हा पुन्हा चुकला की यंत्र तुम्हाला चोर समजून दार लावून घेते. नवरा दिवसभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवत फिरतो. संध्याकाळी येऊन त्याने मलाही सोडवले.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजवर जगाला शिकवलंस. आता तुझी पाळी."

मी हसले. खरे तर मला भीती वाटत नाही. रुग्णालयाची लाँड्री डिसेंबरअखेर बंद होणार, चादरी, अभ्रे, गाऊन सगळे बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाणार, हे कळले त्या दिवसापासून मी लढते आहे. फाटकाशी सभा घेतल्या. व्यवस्थापकाच्या टेबलापाशी उभी राहून बोलले, इतके की त्याचा चहा तसाच निवला. आम्ही सात जणी, आणि मी त्यांनी निवडलेली प्रतिनिधी. पदरात पडले ते एवढेच: शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करतात त्या विभागात सात जागा आमच्यासाठी राखून ठेवल्या. अट अशी की प्रत्येकीने कॉलेजचा हा ऑनलाइन गणिताचा अभ्यासक्रम डिसेंबरपर्यंत पुरा करायचा. जी नापास होईल ती घरी.

मी कायदा वाचला आहे, इतिहास वाचला आहे, जाडजूड अर्थशास्त्र वाचून त्याच्या समासात भांडले आहे. गणितही शेवटी माणसांनीच लिहिले. मग बाई माणसाने ते का वाचू नये?

५ सप्टेंबर, बुधवार

आज मी त्यांचा डाव ओळखला.

अभ्यासक्रम सुरू करण्याआधी 'पातळी चाचणी' द्यायची असते. तिच्या निकालावरून प्रत्येकीला पाया, मधला किंवा वरचा वर्ग मिळतो. जेवणाच्या सुट्टीत मळक्या कपड्यांची वर्गवारी करतो त्या खोलीत मी सगळ्यांना जमवले आणि म्हणाले, "बघा. सात जणींना आधी तीन भागांत चिरायचं. मग वरच्या दोघींना नोकरी आणि बाकीच्यांना नमस्कार. माणसं तोडायची असली की कुऱ्हाड लागत नाही. चाळणी पुरते."

आमच्या इस्त्रीच्या रोलरचा वेग आमच्यातल्या सगळ्यात सावकाश बाईच्या हाताप्रमाणे ठेवायचा, हा नियम मी भांडून मिळवला आहे. तेव्हापासून रोलरवर कुणाचा हात भाजला नाही. इथेही तेच, मी म्हणाले. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

नवी म्हणाली, "पण ताई, ही परीक्षा नाहीये. आपल्याला कुठून सुरू करायचं ते फक्त..."

"तू नवी आहेस," मी म्हणाले. "तुला यांचे खेळ ठाऊक नाहीत."

ती येऊन चार वर्षे झाली, पण तिच्यानंतर कुणाला घेतलेच नाही म्हणून ती अजून नवी. लग्नाआधी तिचे विज्ञानाचे एक वर्ष कॉलेजात झाले आहे. तेव्हा ठरले: सगळ्यांनी फोन टेबलावर ओळीने ठेवायचे, नवीने उत्तर सांगायचे, सगळ्यांनी तेच दाबायचे. काम करताना शीळ घालते म्हणून जिला आम्ही शिट्टी म्हणतो ती म्हणाली, "शाळेत अशी सोय असती तर मी आज डॉक्टर असते." "मग तुझे पेशंट गेले असते," मावशी म्हणाल्या. मावशी आमच्यात सगळ्यात थोरल्या. निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत आणि घरात अंथरुणाला खिळलेला नवरा.

निकाल लगेच आला. सातही जणी वरचा वर्ग. शिट्टीने चादर झेंड्यासारखी फिरवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही मोठ्याने हसलो.

८ सप्टेंबर, शनिवार

पहिला धडा पाहिला. पुन्हा पाहिला. शिकवणाऱ्या बाई दिसत नाहीत, फक्त आवाज येतो, थोडा सर्दट, सौम्य. "हे तुम्हाला आठवत असेलच," असे त्या दर दोन वाक्यांनी म्हणतात. मला काहीही आठवत नाही. जे कधी भेटलेच नाही ते आठवेल कसे?

क्ष आहे. क्षच्या डोक्यावर एक बारीक आकडा बसला आहे. मग तो आकडा खाली उतरतो आणि त्याच्याआधी 'लॉग' असे लिहितात. का उतरला? कुणी उतरवला? बाई म्हणतात, व्याख्येवरून.

१० सप्टेंबर, सोमवार

बाईंचा निरोप आला. सगळ्या वर्गाला. "पातळी चुकीची मिळाली असं वाटत असेल तर १७ तारखेपर्यंत मला फक्त एक ओळ लिहा. वर्ग बदलून देईन. कारण विचारणार नाही. पायापासून सुरू केलं तरी डिसेंबरमध्ये प्रमाणपत्र सगळ्यांना एकच मिळतं, फक्त आठवड्याचे तास जास्त द्यावे लागतात."

कारण विचारणार नाही. मी इतकी वर्षे व्यवस्थापनाच्या समोर बसले आहे. जो कारण विचारत नाही त्याला ते आधीच ठाऊक असते. म्हणजे एकेकीने लपूनछपून जाऊन सांगायचे की मी कमी आहे, मला खाली टाका. आणि त्या ओळी कुठे जमा होणार? मी सगळ्यांना कळवले: कुणी उत्तर द्यायचे नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार

बुधवारी संध्याकाळी बाई शंकांसाठी तासभर हजर असतात. आज मी गेले. उदाहरण आम्ही जाणार त्याच निर्जंतुकीकरणाच्या विभागाचे होते. भट्टीत दर मिनिटाला जंतू दहाव्या हिश्शावर येतात. आलेख खाली उतरत जातो, पण शून्याला कधी टेकत नाही.

मी विचारले, "कधीच नाही?"

"गणितात कधीच नाही."

"मग रुग्णाला सुरी निर्जंतुक आहे म्हणून सांगता ते खोटं?"

बाई हसल्या असाव्यात. "खोटं नाही. किती कमी म्हणजे पुरे, ते माणसं ठरवतात."

"कोणती माणसं?" मी म्हणाले आणि मग बोलतच गेले. पुरे कुणासाठी, ठरवणारे कोण, सोसणारे कोण. मला वाटते मी चांगली बोलले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचा प्रश्न चांगला आहे. आता मला सांगा, सहा मिनिटांनी किती जंतू उरतील?"

मला सांगता आले नाही. नवी पडद्यावर होती. तिचे ओठ हलले, पण तिने माइक सुरू केला नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

पहाटे उठून स्वयंपाकघरात बसते. व्हिडिओ थांबवते, मागे नेते, थांबवते. आज सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हा माणूस मघापासून तिथंच अडकलाय का?"

"माणूस नाही. क्ष आहे."

"मग जाऊ दे की त्याला."

शब्दांनी मी आजवर दारे उघडली. ज्यांना मला आत घ्यायचे नव्हते त्यांनीही माझे बोलणे संपेपर्यंत मला हाकलले नाही. क्षला यातले काही लागू नाही. त्याला लाज नाही, भीती नाही, त्याचे मन वळत नाही. मी चूक असले तर तो नुसता तिथे असतो. इतकी एकटी मी कधी पडले नव्हते.

१७ सप्टेंबर, सोमवार

मावशी दुपारी मला ड्रायरच्या मागे घेऊन गेल्या. तिथे यंत्राच्या घरघरीत कुणाचे बोलणे कुणाला ऐकू जात नाही.

"मी त्या बाईंना ओळ लिहिते," त्या म्हणाल्या. "मला अपूर्णांकसुद्धा धड येत नाहीत गं. तू मला लॉग देतेस."

"मी देत नाही, मावशी. ते देतायत."

"कुणी का देईना. बुडत्याचा पाय खोलात, आणि पाय माझा आहे."

मी त्यांचे हात धरले. म्हणाले, आज तुम्ही खाली गेलात की उद्या शिट्टी जाईल, परवा आणखी कुणी, आणि ते म्हणतील, बघा, यांना स्वतःलाच कबूल आहे. एवढ्यावर न थांबता मी सगळ्यांना बोलावले. धुतलेल्या चादरींचा ढीग अजून कोमट होता. त्यावर सगळ्यांनी हात ठेवले. मी म्हणाले, "जाऊ तर सगळ्या, राहू तर सगळ्या. एकीलाही मागे टाकून दुसरीने पुढे जायचं नाही." सगळ्यांनी ते म्हटले. नवीनेही म्हटले, सगळ्यात हळू.

मावशींनी ओळ लिहिली नाही. त्यांनी हात आधी काढून घेतला आणि गाऊन मोजायला निघून गेल्या.

मला आज बरे वाटायला हवे होते.

२९ सप्टेंबर, शनिवार

सोमवारी गृहपाठाचे गुण आले. नवीला पैकीच्या पैकी. बाकी सहा जणींचे मी इथे लिहीत नाही. यंत्र प्रत्येक चुकीपाशी एक छोटी लाल फुली काढते. आवाज नाही, ओरडा नाही. ओरडले असते तर मी उत्तर दिले असते.

शिट्टी म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." नवी तिथेच होती. नवी म्हणाली, "मी शिकवू का सगळ्यांना? रोज थोडा वेळ. पायापासून."

मी म्हणाले, जरूर. सुट्टीत बसलो. तिने टेबलावर बोटाने अपूर्णांक काढून दाखवले. तिला शिकवता येते, हे मी मान्य करते. मावशी पुढे वाकून बसल्या होत्या. पण वरच्या वर्गात तोवर चौथा धडा सुरू झाला होता, आणि आमचा पहिल्याचाही पाया नव्हता. ती खालून वीट लावत होती आणि वरून छत कोसळत होते. चार दिवसांनी तीन जणी येईनाशा झाल्या. नवीने मला विचारले, "बाईंना आताही विचारून बघायचं का? मुदत गेलीय, पण माणूस बरा वाटतो." मी म्हणाले, "माणसं बरीच असतात गं. नियम बरे नसतात."

हे वाक्य मला तेव्हा आवडले होते.

१ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी घटक परीक्षा. त्यात नापास होणाऱ्याचे नाव अभ्यासक्रमातून कमी होते. हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. मी नियम वाचणारी बाई, माझ्या नजरेतून ते कसे सुटले? सुटले नव्हते. मला वाटले होते तोवर मी त्यांच्याशी बोलून घेईन.

आज रोलरवर मी आणि मावशी समोरासमोर होतो. मी चादर सारत होते, त्या घेत होत्या. मी म्हणाले, "शेवटी यांनी आपल्याला पाडायचंच ठरवलंय."

मावशींनी चादर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "हा रोलर आपण कुणाच्या हातानं फिरवतो?"

"सगळ्यात सावकाश बाईच्या."

"आणि त्या चाचणीच्या दिवशी टेबलावर कुणाच्या हातानं फिरवलास? सगळ्यात चलाख पोरीच्या. मग भाजणारच की."

मी चादर सारत राहिले. ती चादर वाकडी गेली, चुणी पडली, आणि मावशींनी न बोलता ती बाजूला टाकली.

घरी येऊन नवऱ्याला हे सांगितले. तो म्हणाला, "मग आता काय करणार?" मी म्हणाले, "आता पास व्हायचं." तो म्हणाला, "ते तर सगळेच म्हणतात." चिडून मी त्याला खूप काही ऐकवले, व्यवस्थेबद्दल. त्याने ताटे उचलली.

६ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षा झाली. प्रत्येकीने आपापल्या घरी, कॅमेऱ्यासमोर, खोलीचे दार लावून बसायचे. उत्तरे कागदावर लिहून शेवटी फोटो पाठवायचा.

मी लिहिले. असे मी आयुष्यात कधी लिहिले नसेल. मान वर केली नाही. पहिला प्रश्न गेला, दुसऱ्यात मला काहीतरी ओळखीचे दिसले, नवीने टेबलावर बोटाने काढले होते तसे, आणि मी त्याला धरून ठेवले. खोडले, पुन्हा केले. बाहेर सासूबाई कुणालातरी दटावत होत्या, "हळू बोल, ती आत लढतीये." वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा माझी बोटे वळत नव्हती.

कदाचित. आज हा एक शब्द लिहिते. कदाचित.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सातही जणी नापास.

मी चाळीसपैकी अकरा. मावशी तीन. शिट्टीने आपला आकडा सांगितला नाही आणि आज शीळही घातली नाही. नवीला शून्य.

मला आधी वाटले यंत्राची चूक आहे. मग नवीनेच सांगितले की चूक नाही, तिने कोरा कागद पाठवला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मला काय वाटले ते मी इथे खरे लिहिते: क्षणभर मला अभिमान वाटला. मी म्हणाले, "बघा. याला म्हणतात शब्द."

मावशी उठल्या आणि नवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वेडी गं वेडी." आणि मग त्या रडायला लागल्या, स्वतःच्या तीनवर रडल्या नव्हत्या त्या.

१० ऑक्टोबर, बुधवार

आज शंकांच्या तासाला मी शेवटच्या खेपेस गेले. माझे नाव कमी झाले होते, तरी बाईंनी आत घेतले. मी भाषण केले नाही. पातळी चाचणी कशी दिली ते सांगितले, कुणाच्या सांगण्यावरून ते सांगितले, आणि म्हणाले, बाकीच्यांचे राहू द्या, त्या एका मुलीला पुन्हा बसवा.

बाई म्हणाल्या, "मला पहिल्याच आठवड्यात अंदाज आला होता. सातही जणींचे तेच दोन प्रश्न चुकले होते, आणि तेही सारख्याच उत्तरांनी. म्हणून तर तो निरोप पाठवला."

"म्हणजे तुम्ही आम्हाला पकडलं होतं."

"पकडायचं असतं तर वर कळवलं असतं. मी वाट बघत होते, एखादी ओळ येईल म्हणून." त्यांनी सर्दट नाक ओढले. "यंत्र बिघडलं, वीज गेली, आजारपण आलं, तर मी पुन्हा बसवू शकते. कोरा कागद बसत नाही यात. मी वर विचारून पाहिलं. नाही म्हणाले."

त्यांनी मी विचारण्याआधीच विचारले होते. मी आभार मानायला हवे होते. मी नुसता पडदा बंद केला.

११ ऑक्टोबर, गुरुवार

आज चादरींच्या घड्या घालायला माझी जोडी नवीशी होती. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी टोके धरायची, ताणायची, जवळ यायचे, टोके एकमेकींना द्यायची, पुन्हा लांब जायचे.

पहिल्या दोन चादरी झाल्या. तिसरीला मी म्हणाले, "कोरा कागद का दिलास?"

"कोरा नव्हता. नाव घातलं होतं."

"थट्टा करू नकोस. माझ्या शब्दासाठी केलंस का? मग ऐक. मी बोलले ते वारं होतं. तू पुढे जायला हवं होतंस. तुला येत होतं."

ती जवळ आली, टोके माझ्या हातात दिली आणि घडीचा दुमडलेला काठ धरून पुन्हा लांब गेली. "परीक्षेत पडद्यावर सगळ्यांचे चौकोन दिसत होते," ती म्हणाली. "तुमच्याकडे दिसत नव्हते का?"

"मी बघितलंच नाही."

"हो. कुणीच बघत नव्हतं. मावशीसुद्धा खाली मान घालून लिहीत होत्या." चादर तिने झटकली. "मला वाटलं, कुणीतरी एकदा वर बघेल. आवाज बंद होता, पण नुसती मान हलवून म्हणेल, तू लिही गं. मग मी लिहिलं असतं. मला वेळ पुरला असता. मी तुमच्या चौकोनाकडेच बघत बसले होते, ताई. मग घंटा झाली."

मी घडी ढिगावर ठेवली. तिने पुढची चादर काढली आणि तिची दोन टोके माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.

घरी आल्यापासून मी एकच गोष्ट मनात उलटीसुलटी करते आहे. समजा, मी वर बघितले असते. समजा, तिचे डोळे दिसले असते. मी काय केले असते? फाटकाशी, टेबलापाशी, चादरींच्या ढिगापाशी उभी राहून बोलणारी मी, मान हलवून तिला सोडले असते का? मी त्या खोलीत, त्या खुर्चीवर पुन्हा जाऊन बसले, समोर बंद पडदा ठेवून. हातात पेन धरून पाहिले.

मला वाटते, मी तिला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विचारले असते.